एका चाचणीत फरक दिसला, दुसरीत नाही: गुडघ्यावरच्या कमी डोसच्या रेडिएशनचे निबंध वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे. एकाच उपचारावर दोन चांगल्या चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष उलटे आले, तर तुम्ही काय कराल? पाठ केलेलं उत्तर असतं, "मेटा-अ‍ॅनालिसिस करू." समोरचे सर मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न येतो. पण मधली एक पायरी कुणी विचारत नाही: निष्कर्ष खरोखर उलटे आहेत का, हे आधी तपासलं का?

आज हाच प्रश्न एका खऱ्या उदाहरणावर घेऊ. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे आपण ज्याला 'गुडघ्याची झीज' म्हणतो त्यावर, कमी डोसचं रेडिएशन दिलं तर दुखणं कमी होतं का? हो, कॅन्सरच्या पेशंटला 'लाईट' देतात तेच मशीन, तेच किरण. फरक मात्रेचा. कॅन्सरमध्ये एकूण 50 ते 70 ग्रे इतका डोस नेहमीचा असतो. इथे सगळा मिळून 3 ते 6 ग्रे, आणि तोही सहा बैठकांमध्ये वाटून. जर्मनीत हा उपचार अनेक दशकं चालत आलाय आणि तिथे तो नेहमीच्या रेडिओथेरपीचाच भाग समजला जातो. बाकी बऱ्याच जगात डॉक्टरांनाही तो ऐकून माहीत नसतो.

यामागचा विचार थोडक्यात असा. जास्त डोसचं रेडिएशन पेशी मारतं आणि दाहही वाढवतं. पण एका बैठकीला 1 ग्रे किंवा त्याहून कमी डोस दिला तर उलट परिणाम दिसतो. प्रयोगशाळेत मॅक्रोफेज पेशी दाह वाढवणारी रसायनं कमी सोडतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला पांढऱ्या पेशी कमी चिकटतात. उंदरांमध्येही असे परिणाम दाखवले गेलेत. यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण यंत्रणा पटली म्हणून उपचार लागू पडतो असं होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता चाचण्यांकडे येऊ.

पहिली नेदरलँड्सची. निमेगेनच्या सिंट मार्टेन्सक्लिनिकमधल्या गटाने गुडघ्यावरची चाचणी 2019 मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस'मध्ये छापली. 55 पेशंट. 27 जणांना खरं रेडिएशन, दोन आठवड्यांत सहा वेळा 1 ग्रे. 28 जणांना खोटं: टेबलावर झोपवलं, मशीन जागेवर आणलं, किरण सोडले नाहीत. पेशंटला कळायला मार्ग नाही, कारण रेडिएशनची ना ऊब लागते ना टोचणी. (गुडघ्याच्या ऑपरेशनची शॅम चाचणी करायची तर कातडीला चिरा द्यावा लागतो. ह्यूस्टनमध्ये 180 पेशंटवर तसं करून 2002 मध्ये आर्थ्रोस्कोपीचा फोलपणा दाखवला होता. त्या मानाने इथे ब्लाइंडिंग फार सोपं आहे, आणि म्हणूनच ते इतकी दशकं कुणी का केलं नाही हा प्रश्न पडतो.) तीन महिन्यांनी निकाल: खऱ्या गटात 44 टक्के लोकांना ठरलेल्या निकषाप्रमाणे फरक पडला, खोट्या गटात 43 टक्के. संपला विषय, असं वाटतं ना? निबंधाचा शेवटही तसाच आहे. ठळक फायदा आढळला नाही, म्हणून गुडघ्यासाठी हा उपचार वापरू नये, असा सल्ला त्यांनी दिला.

दुसरी कोरियाची. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टांच्या 'अ‍ॅस्ट्रो' या संस्थेच्या वार्षिक परिषदेत ती मांडली गेली. तीन केंद्रं, सौम्य ते मध्यम झीज असलेले 114 पेशंट, तीन गट: एकूण 3 ग्रे, एकूण 0.3 ग्रे आणि शॅम. इथेही सहा बैठका. चार महिन्यांनी 3 ग्रेच्या गटात सुमारे 70 टक्के, 0.3 ग्रेच्या गटात 58 टक्के आणि शॅममध्ये 42 टक्के लोकांना फरक पडला. 3 ग्रे आणि शॅममधला फरक सांख्यिकीय कसोटीवर टिकला, 0.3 ग्रेचा टिकला नाही. लगेच बातम्या: गुडघेदुखीवर रेडिएशन लागू पडतं!

म्हणजे एका बाजूला 'वापरू नका', दुसऱ्या बाजूला 'लागू पडतं'. जर्नल क्लबमध्ये इथे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, डच चाचणी लहान होती. दुसरा म्हणतो, कोरियाचं अजून परिषदेतलं सादरीकरणच आहे. दोघांचंही खरं आहे, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: की या दोन निकालांत विरोध आहे.

कागद-पेन घ्या. दोन प्रमाणांमधल्या फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक गटासाठी प्रमाण गुणिले एक वजा प्रमाण, भागिले माणसांची संख्या. दोन्ही गटांची बेरीज, तिचं वर्गमूळ, ते झालं स्टँडर्ड एरर. त्याला 1.96 ने गुणलं की फरकाच्या दोन्ही बाजूंना किती जायचं ते मिळतं. डच आकडे घातले तर फरक 2 टक्के आणि अंतराल उणे 25 ते अधिक 28. निबंधातही हेच छापलंय. कोरियाचे पेशंट गटागटांत सारखे वाटले, म्हणजे प्रत्येकी 38 धरले, तर फरक 28 आणि अंतराल साधारण 7 ते 49.

आता हे दोन शेजारी ठेवून बघा. कोरियात दिसलेला 28 चा फरक डच अंतरालाच्या वरच्या टोकाला बसतो. बाहेर नाही. म्हणजे डच चाचणीने 28 चा फायदा नाकारलेलाच नाही, जेमतेम का होईना. पुढची पायरी अजून गमतीची आहे. दोन चाचण्यांच्या फरकांमधला फरक काढा: 28 वजा 2, म्हणजे 26. त्याचा स्टँडर्ड एरर दोन्ही एररच्या वर्गांची बेरीज करून, वर्गमूळ घेऊन येतो, साधारण 17. अंतराल उणे 7 किंवा 8 ते 60. शून्य आत आहे. म्हणजे 'या दोन चाचण्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत' हे विधानच सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीवर उभं राहत नाही!

गेलमन आणि स्टर्न यांनी 2006 मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. एक निकाल सिग्निफिकंट, दुसरा नाही, यावरून त्या दोघांमधला फरक सिग्निफिकंट आहे असं ठरत नाही. हा निबंध अनेकांनी वाचलेला असतो. थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात तरीही हीच चूक सापडते, 'शहरी गटात संबंध आढळला, ग्रामीण गटात आढळला नाही, म्हणजे संबंध केवळ शहरात आहे' अशा वेषात.

तर डच निबंधाच्या शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप इथे आहे. त्यांचा सल्ला चुकीचा नाही. ज्या उपचारात थोडाफार धोका आहे आणि पुरावा कच्चा आहे, तो वापरू नका म्हणणं रास्तच. पण तो सल्ला धोरणाचा आहे, आणि वाचणारा त्याला शोध समजतो. 27 आणि 28 च्या गटांत, शॅममध्ये 43 टक्के बरे होत असताना, 80 टक्के पॉवरने पकडता येण्याजोगा फरक किमान 35 ते 40 टक्क्यांचा असतो. इतका मोठा फायदा गुडघेदुखीवरची फार कमी औषधं देतात. म्हणजे चाळणीची भोकंच इतकी मोठी होती की मध्यम आकाराचा दाणा खाली पडणारच होता.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. डच गटाने लक्षणांवर थांबून न राहता दाहाच्या खुणाही मोजल्या, आणि त्यांच्यातही फरक दिसला नाही. जिची एवढी चर्चा होते ती दाह कमी करणारी यंत्रणा माणसाच्या गुडघ्यात चालू झाल्याचं चिन्हच सापडलं नाही. हाताच्या सांध्यांवर त्यांनी समांतर चाचणी केली: 56 पेशंट, 29 टक्के विरुद्ध 36 टक्के, म्हणजे शॅमच थोडं पुढे. एक वर्षापर्यंतचा पाठपुरावा 2020 मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी'त आला, त्यातही काही नाही. हे सगळं एकत्र घेतलं तर शंका बाळगायला पुरेशी जागा आहे. 'चाचणी लहान होती' एवढंच म्हणून ती उडवून लावता येत नाही.

मग कोरियात वेगळं काय होतं? तीन गोष्टी दिसतात. डोस निम्मा होता, बैठकीला 0.5 ग्रे. दाह कमी होण्याचा परिणाम 0.5 च्या आसपास सगळ्यात जास्त असतो असं प्रयोगशाळेतली मंडळी म्हणतात, तेव्हा हे कारण असू शकतं. पेशंटची झीज सौम्य ते मध्यम होती. झिजून हाडावर हाड आलेल्या गुडघ्यात शांत करायला दाह उरतोच किती? आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: चार महिने पेशंटना पॅरासिटामॉलशिवाय वेदनाशामक घ्यायला बंदी होती. विचार करा, शॅम गटातल्या माणसाचा गुडघा ठणकतोय आणि तो रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेतोय. त्याचा स्कोअर सुधारणार, आणि गटांमधला फरक पुसला जाणार. गोळी बंद केली की उपचाराचा खरा परिणाम उघडा पडतो. रचना म्हणून हे हुशारीचं आहे.

पण याची किंमतही आहे, आणि ती समजायला मी तुम्हाला कोंढ्याला नेते. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. धानाचा मुलूख. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की बाया सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकलेल्या असतात, प्रत्येक पावलाला चिखलातून पाय उपसून काढत. नंतर निंदण, ते उकिडवं बसून. घरी आल्यावर चूल, भांडी, पुन्हा उकिडवं. गुडघा दुखला की मेडिकलमधून गोळी, फारच झालं तर डॉक्टरकडून इंजेक्शन. अशा बाईला चार महिने 'पॅरासिटामॉलच घ्या' म्हणून सांगणं आणि तिने ते पाळणं, दोन्ही अवघड. कोरियाच्या चाचणीने 'दुसरं काही न घेता रेडिएशन काय करतं' या प्रश्नाचं उत्तर दिलं. कोंढ्यातला प्रश्न वेगळा आहे: जी गोळी ती आत्ता घेते, त्यात रेडिएशनची भर घातल्याने तिला जास्त काही मिळेल का, किंवा गोळी कमी करता येईल का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघत नाही. इंटर्नल आणि एक्स्टर्नल व्हॅलिडिटीची व्याख्या तुम्ही नेटच्या परीक्षेसाठी पाठ केली असेल. ती अशी दिसते.

मोजपट्टीचंही तसंच आहे. 'फरक पडला' म्हणजे काय, हे दोन्ही चाचण्यांनी एकाच निकषाने ठरवलं. शंभरच्या पट्टीवर वेदना किंवा हालचाल निम्म्याने आणि किमान 20 गुणांनी सुधारली, किंवा वेदना, हालचाल आणि पेशंटचं स्वतःचं एकूण मत या तिन्हींपैकी दोन गोष्टी किमान 20 टक्क्यांनी आणि 10 गुणांनी सुधारल्या, की पेशंट 'रिस्पॉन्डर'. निकष चांगला आहे, कारण टक्का आणि गुण दोन्ही मागतो. पण वेदना आणि हालचाल मोजायला अशा चाचण्यांत वॉमॅक नावाची प्रश्नावली नेहमी वापरतात, आणि मूळ वॉमॅक विचारते काय? जिना चढता येतो का, मोजे घालता येतात का, गाडीत बसता-उतरता येतं का, बाथटबमध्ये जाता येतं का. उकिडवं बसता येतं का, जमिनीवरून उठता येतं का, हे मूळ यादीत नाही. आशियात काही ठिकाणी ते नंतर घातलं गेलं. रोवणीच्या बाईला मोज्यांबद्दल विचारून तिचा गुडघा किती सुधारला ते ठरवणं म्हणजे किलोच्या वजनाने कापड मोजण्यासारखं.

आता ज्या आकड्यावर कुणी थांबत नाही, त्यावर थांबू. डच शॅम 43 टक्के. कोरियाचं शॅम 42 टक्के. देश वेगळे, झिजेची पातळी वेगळी, गोळ्यांचे नियम वेगळे, आणि किरण न सोडलेल्या मशीनखाली झोपून उठलेल्या जवळपास सारख्याच लोकांना 'फरक पडला'. म्हणजे ज्या दवाखान्यात शॅम गट नाही, तिथे हा उपचार सुरू केला तर डॉक्टरला दर दहातले चार पेशंट बरे झालेले दिसणार, उपचारात काही दम असो वा नसो. जर्मनीतल्या अनेक मोठ्या अहवालांत 60-70 टक्के पेशंट समाधानी दिसतात, त्यात तुलनेचा गटच नसतो. एका जर्मन चाचणीत एकूण 3 ग्रे आणि एकूण 0.3 ग्रे यांची तुलना झाली, फरक आढळला नाही. याचा अर्थ दोन्ही डोस लागू पडतात, की दोन्ही पडत नाहीत? शॅमशिवाय सांगता येत नाही.

हे 42-43 टक्के येतात कुठून? मनाचा परिणाम हे एक. दुसरं म्हणजे वेळ. माणूस दवाखान्यात कधी जातो? दुखणं शिगेला पोचतं तेव्हा. आणि शिगेनंतर उतारच असतो. आपल्याकडे तर याला हंगाम आहे. समजा भंडाऱ्यात कुणी शॅम गट न ठेवता हा उपचार करून बघितला. पेशंट कधी येणार? रोवणी आटपल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, गुडघे सुजलेले असताना. चार महिन्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस मोजणार. तेव्हा धान कापून झालेलं, चिखल नाही, निंदण नाही. गुडघे आपोआप हलके. 'रेडिएशनने 60 टक्के बरे' असा पेपर छापून येईल आणि त्यातला किती वाटा पंचांगाचा होता ते कुणाला कळणार नाही. रँडमायझेशनने दोन्ही गटांवर हंगाम सारखाच पडतो, म्हणून तो फरकातून वजा होतो. रिग्रेशन टू द मीन शिकवताना मी आता हेच उदाहरण देते, बाप-लेकांच्या उंचीचं देत नाही.

आणि हे सगळं दूरच्या देशांचं कौतुक म्हणून बघू नका. गावाकडचं सांधेदुखीचं ओझं मोजायचं काम महाराष्ट्रात झालंय. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने 1996 पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघरी सर्वेक्षण केलं. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, सुमारे 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते आपल्याला माहीत आहे. त्यावर कुठला उपचार आपल्या माणसांत, आपल्या कामाच्या पद्धतीत टिकतो, हे मोजायचं बाकी आहे.

धोक्याबद्दल दोन शब्द, कारण 'रेडिएशन' म्हटलं की पहिला प्रश्न तोच. 1957 मध्ये ब्रिटनमध्ये कोर्ट ब्राऊन आणि डॉल यांनी दाखवलं होतं की पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठी क्ष-किरण दिलेल्या पेशंटमध्ये ल्युकेमिया जास्त होतो. ती भीती खरी होती आणि जगभर असे उपचार मागे पडायला तिने हातभार लावला. पण तिथे कण्यावर, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर, कितीतरी मोठे डोस पडत होते, आणि पेशंट बरेचसे तरुण होते. प्रौढ माणसाच्या गुडघ्यात तशी मज्जा फारशी उरत नाही, आणि कॅन्सर व्हायला लागणारी वर्षंही सत्तरीच्या माणसाकडे कमी. म्हणून वय हा या हिशोबाचा मोठा भाग आहे. सत्तरीच्या आजीसाठी जो हिशोब बसतो तो चाळिशीतल्या, रोवणीला जाणाऱ्या तिच्या सुनेसाठी बसेलच असं नाही. आणि दुसऱ्या पारड्यात वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा पोटावर आणि किडनीवर होणारा परिणामही टाकावा लागतो. तो शून्य धरून तुलना करणं ही लबाडी होईल.

खर्चाचं म्हणाल तर किरणांपेक्षा रस्ताच महाग पडेल. कोंढ्याहून भंडारा, तिथून नागपूर, सहा वेळा. सहा रोज्या बुडल्या, सोबत येणाऱ्याच्याही सहा. आणि नागपूरला ज्या लिनॅकसमोर ती रांगेत उभी राहील, त्याच रांगेत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची पेशंट उभी असेल. चाचणीच्या पेपरमध्ये हा रकाना नसतो. धोरण आखणाऱ्याच्या टेबलावर मात्र तो पहिला असायला हवा.

कोरियाचा पूर्ण निबंध हातात घ्याल तेव्हा मी काय शोधेन ते सांगते. पेशंटनी कुठला गट मिळाला याचा अंदाज काय बांधला होता, म्हणजे ब्लाइंडिंग टिकलं का. पॅरासिटामॉलच्या गोळ्या गटागटांत किती खपल्या. गळती कुठल्या गटातून झाली. चार महिन्यांनंतर, गोळ्यांची बंदी उठल्यावर, वर्षाअखेरीला 70 आणि 42 मधली दरी उरली का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण कोंढ्याची परिस्थिती बंदी उठल्यानंतरच्या कोरियासारखी आहे.

तोवर तुमच्यासाठी एक गणित शिल्लक ठेवलंय. कोरियाच्या 0.3 ग्रे गटाचा शॅमशी फरक 58 वजा 42, म्हणजे 16. वरच्याच रीतीने, गटात 38 धरून, अंतराल काढा. उणे 6 ते 38 च्या आसपास यायला हवा. मग तो 3 ग्रेच्या 7 ते 49 शेजारी ठेवा आणि स्वतःच ठरवा, 'मोठा डोस चालतो, छोटा चालत नाही' असं एका वाक्यात लिहायला तुमचा हात धजतो का.